झरा, नळ, पात्र : कब्बालातील 'शेफा'

हॅरल्ड ब्लूम यांचे 'कब्बाला अँड क्रिटिसिझम' हे छोटेखानी पुस्तक १९७५ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर ज्यू गूढपरंपरेतील काही संज्ञा पाश्चात्त्य समीक्षेच्या परिभाषेत येऊन बसल्या. त्यांतल्या तीन विशेष परिचयाच्या आहेत : सृष्टीला जागा करून देण्यासाठी ईश्वराने केलेला स्वतःचा संकोच, दिव्य प्रकाश न पेलल्यामुळे झालेला पात्रांचा भंग, आणि विखुरलेल्याची पुनर्घटना. ब्लूम यांनी या त्रयीकडे काव्यनिर्मितीच्या प्रक्रियेचा नमुना म्हणून पाहिले. पूर्वसूरींच्या दडपणाखाली उत्तरकालीन कवी कसा आकसतो, मोडतो आणि पुन्हा कसा उभा राहतो, हे त्यांना येथे दिसले. समीक्षकांना कब्बालाची ओळख झाली ती अशी भंगाच्या बाजूने. आपल्याकडे जी थोडीफार ओळख पोचली तीही याच वाटेने; त्यामुळे 'कब्बाला' म्हटले की तुटलेपण, अनुपस्थिती, निर्वासन याच कल्पना मनात उभ्या राहतात.

या ओळखीत बरेच काही वगळले गेले आहे. कब्बालाच्या ग्रंथकारांना रोज पडणारा प्रश्न साधा होता : वरचे खाली कसे येते? पाऊस, धान्य, संतती, आयुष्य, शहाणपण हे सारे ईश्वराकडून येत असेल, तर ते कोणत्या मार्गाने येते, मध्येच का अडते, आणि अडल्यास मोकळे कोणी करायचे? या येण्याला त्यांनी एक नाव दिले होते, 'शेफा'. भंगाची कल्पना या प्रश्नाच्या पोटातून पुढे जन्मली. शेफाचा इतिहास बाजूला ठेवून ती उचलली, तर जे फुटले ते मुळात कशासाठी होते हेच कळेनासे होते. म्हणून या एका शब्दाचा, आणि त्याहूनही त्याच्यामागे असलेल्या रूपकाचा, माग येथे काढावयाचा आहे.

प्रथम भाषांतराविषयी. मराठीत 'शेफा' या शब्दाला ओघ, वर्षाव, पाझर असे काहीही म्हणता येईल. 'कृपा' किंवा 'प्रसाद' म्हणण्याचा मोह होतो, 'शक्तिपात' हा शब्द तर जिभेवरच असतो; परंतु या शब्दांमागे आपल्या परंपरेतील गुरू, दीक्षा आणि देवता यांचा स्वतंत्र इतिहास आहे आणि तो गुपचूप आत शिरतो. तेव्हा मी मूळ शब्दच ठेवणार आहे. हिब्रू बायबलमध्ये या धातूचा अर्थ विपुलता, रेलचेल असा साधा आहे. मृत्यूपूर्वी मोशे इस्राएलाच्या वंशांना आशीर्वाद देतो, तेव्हा जबुलून आणि इस्साखार यांच्या वाट्याला समुद्राची विपुलता येते, तेथे हा शब्द आहे. यशयाच्या पुस्तकात उंटांच्या तांड्यांनी भूमी झाकून जाते, तेथे त्याचेच एक रूप येते. पाणी आणि उंट : दोन्ही डोळ्यांना दिसणारे, मोजता न येण्याइतके पुष्कळ. तत्त्वज्ञानाचा वासही अजून त्याला लागलेला नाही.

तो लागला अरबीतून. नवव्या शतकात बगदादमध्ये प्लोटिनसच्या लेखनाचा एक भावानुवाद 'अ‍ॅरिस्टॉटलचे ईश्वरशास्त्र' या चुकीच्या नावाने अरबीत अवतरला. आद्य तत्त्वातून बुद्धी, बुद्धीतून आत्मा, आत्म्यातून निसर्ग, असे सारे अस्तित्व भरून वाहून खाली येते, हा विचार त्यातून फाराबी आणि इब्न सीना यांच्यापर्यंत पोचला. या वाहण्याला अरबीत 'फैज' म्हणतात. उर्दू कवितेच्या वाचकाला हा शब्द एका थोर कवीच्या नावामुळे परका नाही. मोशे बेन मायमोन, म्हणजे मायमॉनिडीज, याने कैरोजवळच्या फुस्तातमध्ये ११९०च्या सुमारास 'दिग्भ्रांतांचा मार्गदर्शक' हा ग्रंथ अरबी भाषेत, हिब्रू लिपीत पूर्ण केला, तेव्हा हा शब्द त्याच्या विचाराच्या मध्यभागी होता. दक्षिण फ्रान्समधील शमुएल इब्न तिब्बोन याने १२०४ साली या ग्रंथाचे हिब्रू भाषांतर पुरे केले, आणि 'फैज'च्या जागी 'शेफा' हा बायबलमधला शब्द बसवला. उंटांच्या आणि समुद्राच्या विपुलतेला आता विश्वरचनेचा भार वाहावा लागला.

मायमॉनिडीजने हे रूपक का वापरले याचा खुलासा त्याने स्वतःच केला आहे, आणि पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली त्या खुलाशात आहे. शरीरधारी वस्तू दुसऱ्या वस्तूवर परिणाम करते तेव्हा ती तिला स्पर्श करते, किंवा ठरावीक अंतरावरून, ठरावीक दिशेने काम करते. अशरीरी तत्त्वाला ना स्पर्श ना अंतर. मग त्याच्या क्रियेला काय म्हणायचे? त्याने झऱ्याची उपमा घेतली. झऱ्याचे पाणी चहूबाजूंनी उसळते आणि चहूबाजूंना पसरते. कोणत्या एका दिशेकडून ते घेत नाही की कोणत्या एका दिशेलाच देत नाही. याहून जवळची उपमा सापडत नाही, असेही तो नोंदवतो. म्हणजे त्याच्या दृष्टीने या रूपकाची सारी पात्रता एका गोष्टीत होती : झऱ्याला दिशा नसते.

दिशा नाही, म्हणून पक्षपातही नाही. शेफा सदैव वाहतो आहे. कोणाला किती मिळेल हे घेणाऱ्याच्या तयारीवर ठरते. तो केवळ बुद्धीपर्यंत पोचला तर माणूस विद्वान होतो, बुद्धी आणि कल्पनाशक्ती दोन्हींपर्यंत पोचला तर प्रवक्ता होतो, नुसत्या कल्पनाशक्तीपर्यंत पोचला तर राज्यकर्ता, कायदेकर्ता किंवा शकुन सांगणारा. (कवींची यांत कुठे वर्णी लागते हा प्रश्न आपल्यासारख्यांना पडणारच, मायमॉनिडीजला तो पडलेला दिसत नाही.) काही जणांपर्यंत शेफा त्यांच्यापुरताच येतो, काहींमध्ये तो भरून पुन्हा बाहेर ओसंडतो, आणि मग ते ग्रंथ लिहितात, शिकवतात. प्रवक्तेपणाच्या बाबतीत ईश्वराच्या इच्छेला त्याने एक जागा राखून ठेवली आहे, कारण तयारी पूर्ण असूनही ईश्वर ते देणे रोखू शकतो. परंतु एकंदर चित्र स्वच्छ, थंड आणि उदात्त आहे. प्रार्थनेने झरा वाढत नाही. प्रार्थनेने माणूस बदलतो, इतकेच.

नेमक्या याच काळात, याच टापूत दुसरी एक हालचाल चालली होती. इब्न तिब्बोन ज्या लुनेल गावचा, त्याच्या जवळच पोस्कियेर हे गाव. तेथील थोर धर्मशास्त्री अब्राहम बेन दाविद ११९८ साली वारला. त्याचा मुलगा इसहाक, ज्याला 'अंध इसहाक' म्हणतात, हा आपल्याला नावानिशी ठाऊक असलेल्या पहिल्या कब्बालापंडितांपैकी एक होय. 'बाहीर' नावाचे गूढ, तुटक, दृष्टांतांनी भरलेले पुस्तकही याच प्रदेशात बाराव्या शतकाच्या अखेरीस प्रकट झाले. त्यात ईश्वराच्या शक्ती एखाद्या वृक्षासारख्या आहेत आणि त्या वृक्षाला झऱ्याचे पाणी मिळते. तत्त्वज्ञांचा झरा आणि बाहीरचा झरा शेजारी शेजारी वाहत होते असे म्हणावे, तर दोन्हींचे पाणी मात्र वेगळे होते. बाहीरचे पाणी कुठेतरी जाते. त्याला मुळे आहेत, खोड आहे, फांद्या आहेत. त्याला दिशा आहे.

ही दिशा कोठून आली? उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. रब्बींच्या साहित्यात पाणी वरून येते. 'अनुवाद' या बायबलमधील पुस्तकाने मिसर आणि कनान या देशांतला भेद शेतकऱ्याच्या भाषेत सांगितला आहे : मिसरात भाजीच्या मळ्याप्रमाणे पायाने पाणी देता येत असे, डोंगरदऱ्यांचा हा नवा देश आकाशाच्या पावसावर जगतो. नदीकाठचा माणूस आकाशाकडे पाहत नाही, कोरडवाहू शेतकऱ्याला पाहावेच लागते. मिश्नामधील 'तआनित' हा प्रबंध पाऊस लांबला तर कोणते उपास कोणत्या क्रमाने करावेत याविषयीचा आहे. आणि त्यावरील तालमूदच्या चर्चेत एक विलक्षण मोजमाप आहे : वरून एक वीत पाणी उतरते, तेव्हा खालून भूमी दोन विती पाणी वर पाठवते. उतरणाऱ्याला सामोरे जाणारे काहीतरी खालून उठावे लागते. तत्त्वज्ञांच्या झऱ्याला या दोन विती ठाऊक नव्हत्या. कब्बालापंडितांनी अरबी-हिब्रू तत्त्वज्ञानातून 'शेफा' हा शब्द घेतला आणि त्यात हा पाऊस भरला.

तेराव्या शतकात ही विचारसरणी प्रोव्हान्समधून खेरोना आणि कास्तील येथे गेली आणि तिचा नकाशा ठरत गेला. तो येथे थोडक्यातच सांगतो. मुळाशी एन-सोफ, ज्याला अंत नाही आणि ज्याविषयी बोलता येत नाही. त्यातून दहा सेफिरोत, म्हणजे ईश्वराच्या प्रकट होण्याच्या दहा अवस्था : माथ्यावर केतेर हा मुकुट, मग होखमा आणि बीना, नंतर दयेची हेसेद आणि कठोर न्यायाची गेवुरा, मध्यभागी तिफेरेत, खाली नेत्साह, होद, येसोद, आणि शेवटी मालखुत किंवा शेखिना, जी जगाच्या सीमेवर उभी आहे. यांना जोडणाऱ्या रेषा म्हणजे 'त्सिनोरोत', नळ. आकृतीत त्या केवळ रेघा दिसतात. वाचताना मात्र त्यांत सतत पाणी खळखळत असते. १२८०च्या दशकात कास्तीलमध्ये मोशे दे लेओनच्या वर्तुळात आकाराला आलेल्या 'झोहर' या अरामी ग्रंथाचे एक लाडके वचन उत्पत्तीच्या पुस्तकातले आहे, एदेनातून निघून बागेला पाणी देणाऱ्या नदीचे. झोहर ते पुन्हा पुन्हा उलगडतो. एदेन म्हणजे होखमा, नदी म्हणजे बीना, बाग म्हणजे मालखुत. आणि ही मालखुत, जिच्या द्वारे जगाला सगळे मिळते, तिच्यापाशी स्वतःचे असे काहीच नाही; चंद्राप्रमाणे तिचा प्रकाश उसना आहे. पाण्याबरोबर येथे वीर्य आणि दूध यांचीही रूपके येतात. तिफेरेत आणि मालखुत यांचा संयोग झाला तरच शेफा खाली उतरतो, असे हे ग्रंथ न बिचकता सांगतात.

रूपकाचे सर्वांत पद्धतशीर काम केले ते मोशे दे लेओनचा समकालीन योसेफ गिकातिला याने. त्याचा 'शआरे ओरा', म्हणजे 'प्रकाशाची द्वारे', हा ग्रंथ १२९३पूर्वीचा आहे. ईश्वराची बायबलमधील नावे घेऊन एकेका सेफिरेशी जोडत तो वर चढत जातो. सुरुवात सर्वांत खालच्या मालखुतपासून करतो, कारण माणूस तेथे उभा आहे. मालखुत हे भांडार आहे, समुद्र आहे, आणि ती 'बेरेखा' म्हणजे तळे आहे. हिब्रूत आशीर्वादाला 'बेराखा' म्हणतात. व्यंजने तीच, स्वर थोडे वेगळे. गिकातिलाच्या हाती हा श्लेष सिद्धांत होतो : आशीर्वाद देणे म्हणजे तळे भरणे. जेवणापूर्वी भाकरीवर म्हटलेला आशीर्वाद हे नुसते आभार राहत नाहीत, वरच्या नळाचे तोंड तळ्याकडे वळवण्याची ती कृती ठरते. ईश्वराची नावे ही जादूची हत्यारे नव्हेत असे तो प्रास्ताविकातच बजावतो. ते बजावण्याची गरज भासली, यावरून त्याच्या वाचकांच्या मनात काय चालले असावे याचा अंदाज येतो. या ग्रंथाचे पाउलुस रिकियुस याने केलेले लॅटिन रूपांतर १५१६ साली आउग्सबुर्ग येथे छापले गेले. त्याच्या मुखपृष्ठावर एक माणूस सेफिरोतची आकृती एखाद्या झाडासारखी हातात धरून बसलेला दाखवला आहे. ते चित्र आजही कब्बालावरील पुस्तकांतून फिरत असते.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. गिकातिला जे करतो ते मूलतः वाचन आहे. बायबलमधील प्रत्येक विहीर, प्रत्येक नदी, प्रत्येक घर आणि दार हे एकाच जलव्यवस्थेचे भाग म्हणून तो वाचतो. संहिता हाच नळ. मात्र या वाचनाची एक किंमत आहे आणि ती तो चुकवत नाही. झरा फुटत नाही, नळ फुटतो. झऱ्याला दिशा नसल्यामुळे त्याचे पाणी चुकीच्या ठिकाणी जाऊ शकत नाही. नळाचे जाऊ शकते. इस्राएलाच्या पापामुळे नळ फुटले आहेत, शेफा गळून परक्या राष्ट्रांच्या अधिदेवतांकडे जातो आणि त्यांच्या पात्रांतून उरलेसुरले इस्राएलाला मिळते, हा विचार या ग्रंथांतून स्पष्टपणे येतो. मायमॉनिडीजच्या रूपकाला निर्वासनाचा अर्थ सांगता येत नव्हता. ज्यांच्याकडे राज्य आहे त्यांच्याकडे पाणी का, आणि ज्यांना वचन दिले त्यांच्याकडे कोरड का, या प्रश्नाला दिशाहीन झऱ्याकडे उत्तर नाही. नळ आले आणि तत्त्वज्ञानात इतिहास शिरला. सिद्धांत आधी ठरला आणि मग त्याला शोभेसे रूपक शोधले, असे येथे झालेले दिसत नाही. रूपक बदलले आणि त्याच्यामागून ईश्वराला बदलावे लागले.

कारण नळ उघडणारा माणूस असेल, तर ईश्वराला माणसाची गरज पडते. हे धाडसी विधान कब्बालापंडितांनी दडवले नाही. झोहरच्या परिभाषेत खालच्या जागृतीवाचून वरची जागृती होत नाही. मेईर इब्न गब्बाय याने १५३१ साली पुरा केलेल्या 'अवोदात हा-कोदेश' या ग्रंथात तर उपासना ही 'वरच्याची गरज' आहे हे सूत्रच मांडले, आणि मायमॉनिडीजवर सडकून टीका केली. तालमूदच्या त्या दोन विती येथे पुऱ्या उंचीला पोचल्या.

आणि हे केवळ पंडितांच्या ग्रंथांत राहिले नाही. जेवणानंतरची प्रार्थना म्हणताना मेजावर भाकरीचा तुकडा शिल्लक ठेवावा, रिकाम्या मेजावर म्हणू नये, असा आचार तालमूदमध्ये आहे. झोहरने त्याला कारण पुरवले. वरचा आशीर्वाद रिकाम्या जागी उतरत नाही. त्यासाठी दाखला अलीशा प्रवक्त्याच्या कथेचा. कर्जबाजारी विधवेला तो विचारतो, घरात काय आहे? तेलाची एक कुपी. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण आणि ओत. भांडी संपेपर्यंत तेल वाहत राहिले. भांडी संपली, तेल थांबले. या छोट्या कथेत शेफाच्या विचाराचे सारे घटक आले आहेत : थोडेसे आधी असावे लागते, पात्रे आपण आणावी लागतात, आणि देणाऱ्याची मर्यादा घेणाऱ्याच्या भांड्यांनी ठरते. माझ्या मते रिकामी भांडी मागायला शेजारणींच्या दारोदार फिरणारी ती विधवा ब्लूम यांच्या आकसलेल्या कवीइतकीच कब्बालाची प्रतिनिधी आहे.

स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी १४९२ साली झाली. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत गालीलमधील साफेद हे डोंगरावरचे गाव कब्बालाचे केंद्र बनले. तेथे मोशे कोर्दोवेरो याने १५४८ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, 'पर्देस रिमोनीम' हा विशाल ग्रंथ पूर्ण केला. त्यातला एक संपूर्ण विभाग नळांवर आहे. पण कोर्दोवेरोला नळांची धास्तीही वाटत होती. दहा पात्रे आणि त्यांतले नळ इतके खरे मानले तर ईश्वराचे एकत्व राहिले कुठे? त्याने रंगीत भांड्यांचा दृष्टांत दिला. निरनिराळ्या रंगांच्या काचपात्रांत तेच पाणी ओतले तर ते तांबडे, हिरवे, पांढरे दिसते. पाण्याला रंग नसतो. भेद पात्रांचा, शेफा एकच. ब्लूम यांनी कोर्दोवेरोकडे लक्ष दिले आहे हे मान्य केले पाहिजे, पण ते त्याच्या सेफिरोतच्या अंतर्गत पैलूंकडे, अर्थाच्या उलटापालटीकडे. त्याच्या 'तोमेर देवोरा' या छोट्या नीतिग्रंथाकडे त्यांचे लक्ष फारसे गेले नाही. त्याचा आरंभच शेफापासून आहे. माणूस पाप करतो त्या क्षणीही त्याचा हात हलवणारे बळ वरूनच येत असते. ते ईश्वर रोखत नाही. आपणच पुरवलेल्या शक्तीने होणारा आपला अपमान तो सोसतो. आणि माणसाने ईश्वराचे अनुकरण करायचे ते या सोसण्याचे. नळ बंद करण्याचा अधिकार असताना तो बंद न करणे, हा कोर्दोवेरोला दिव्यतेचा पहिला गुण वाटतो.

इसहाक लूरिया १५७० साली साफेदला आला आणि १५७२ साली, अडतिसाव्या वर्षी, साथीच्या रोगाने वारला. त्याचा विचार आपल्याला मिळतो तो बहुतांशी हयीम व्हिटाल या शिष्याच्या लेखणीतून. पात्रभंगाची कथा ती हीच. एन-सोफचा प्रकाश पात्रांत उतरला. वरच्या तिघांनी तो पेलला, त्याखालची सहा फुटली, शेवटच्याला तडा गेला, आणि दोनशे अठ्ठ्याऐंशी ठिणग्या भौतिक जगाच्या कवचांत अडकल्या. गेर्शोम शोलेम यांनी १९४१च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या कथेचे नाते स्पेनच्या हकालपट्टीशी जोडले : निर्वासितांच्या अनुभवाने स्वतःला विश्वोत्पत्तीच्या भाषेत सांगितले. हे वाचन इतके प्रभावी होते की समीक्षकांनी ते सिद्ध वस्तुस्थिती म्हणून स्वीकारले. मोशे इदेल यांनी १९८८ साली 'कब्बाला : न्यू पर्स्पेक्टिव्ज' या ग्रंथात त्याला आव्हान दिले. संकोच आणि भंग यांची बीजे हकालपट्टीपूर्वीच्या ग्रंथांत सापडतात, आणि लूरियाच्या लेखनात हकालपट्टीचा असा उल्लेख शोधावा लागतो, हे त्यांचे म्हणणे. दोघांच्या वादात शिरण्याचे कारण नाही. शेफाच्या बाजूने पाहिले तर वेगळेच काही दिसते. लूरियाची पात्रे दुष्काळाने फुटली नाहीत. ती अतिरेकाने फुटली. गिकातिलाच्या जगात भय होते ते पाणी न येण्याचे. लूरियाच्या जगात ते पेलेल त्याहून अधिक येण्याचे आहे. अनुपस्थितीचे तत्त्वज्ञान म्हणून ज्याचा गौरव झाला, त्याच्या गाभ्याशी विपुलताच आहे, आणि ती भयंकर आहे. शिवाय व्हिटालची पाने उघडली तर भंगाच्या कथेपेक्षा कितीतरी अधिक जागा प्रार्थनेतील अवधानाला दिलेली आढळते : आज कोणता वार, कोणते अक्षर, कोणत्या पात्रात किती प्रकाश ओढायचा. फुटल्यानंतरचे हे दैनंदिन, कंटाळवाणे, नळजोडणीचे काम समीक्षकांनी वाचलेच नाही. कंटाळवाणे आहे हे खरे. मीही त्यातली बरीच पाने उलटलीच आहेत.

नळाचे रूपक एकदा मान्य केले की आणखी एक प्रश्न टळत नाही. नळावर बसायचे कोणी? अठराव्या शतकात पोलंड-युक्रेनमध्ये उदयाला आलेल्या हसिदी पंथाने याचे थेट उत्तर दिले : त्सद्दिक, म्हणजे सिद्ध सत्पुरुष. लिझेन्स्कचा एलिमेलेख १७८७ साली वारला आणि पुढच्याच वर्षी लेंबर्गमध्ये त्याचा 'नोआम एलिमेलेख' छापला गेला. त्सद्दिक हा आकाश आणि पृथ्वी यांमधला नळ आहे, आणि तो आपल्या माणसांसाठी तीन गोष्टी खाली आणतो : संतती, आयुष्य, अन्न. या तीन गोष्टींची जोडणी तालमूदातली आहे. तेथे राव्हा नावाचा पंडित खिन्नपणे म्हणतो की त्या पुण्यावर अवलंबून नाहीत, 'मझाल'वर, म्हणजे ग्रहनक्षत्रांवर अवलंबून आहेत. हसिदी ग्रंथकारांनी 'मझाल' हा शब्द वाहण्याच्या धातूशी जोडला. नशीब म्हणजे प्रवाह, आणि प्रवाह वळवता येतो. एका व्युत्पत्तीने दैववाद उलटा केला. गावखेड्यातल्या दरिद्री, निपुत्रिक, आजारी माणसाला गिकातिलाच्या दहा द्वारांशी काही कर्तव्य नव्हते. त्याला भाकरी हवी होती. त्याच्यापर्यंत शेफा पहिल्यांदा पोचला तो येथे, हे हसिदी चळवळीच्या टीकाकारांनीही विसरू नये.

पण आपल्याकडच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला विचारा. पाणी जितके धरणाचे तितकेच पाटकऱ्याचे असते हे तो सांगेल. त्सद्दिकाच्या दारात भक्त आपली मागणी लिहिलेली चिठ्ठी आणि तिच्यासोबत 'पिद्योन', म्हणजे मुक्तिद्रव्य, घेऊन येत. यामागे तत्त्वज्ञान होते, आणि दरबारही उभे राहिले. मायमॉनिडीजच्या झऱ्याकाठी चौकी बसवणे शक्यच नव्हते. नळावर ती बसली. व्हिल्नाच्या धर्माधिकाऱ्यांनी १७७२ साली हसिदींवर बहिष्कार घातला, त्यामागे इतर कारणे पुष्कळ होती, तरी ही चौकीही डोळ्यांत खुपणारी होती.

या दरबाराचे एक वर्णन लिथुआनियातल्या एका तरुणाने केले आहे. तो मेझ्रिचचा मग्गीद दोव्ह बेर याच्याकडे गेला होता. प्रथम भारावला, मग पाहुण्यांना चकित करणाऱ्या त्या उपदेशामागे हेर आणि पत्रव्यवहार यांतून मिळवलेली माहिती असते असे त्याचे मत झाले, आणि तो परतला. पुढे बर्लिनला जाऊन त्याने कांटचा अभ्यास केला, १७९२-९३ साली जर्मन भाषेत आत्मचरित्र लिहिले. मायमॉनिडीजवरच्या भक्तीने त्याने स्वतःला नाव घेतले होते सालोमोन मायमोन, आणि आत्मचरित्राच्या मध्यात त्या गुरूच्या ग्रंथाचा सारांश देणारी प्रकरणे घातली. नळाच्या दारातून निघून झऱ्याकडे परतलेला माणूस. तरीही मेझ्रिचला ऐकलेला एक विचार त्याने आवडीने टिपून ठेवला आहे. तोही अलीशाविषयी : वादक वाजवू लागला तेव्हा ईश्वराचा हात प्रवक्त्यावर आला. मग्गीदच्या शिष्यांचा अर्थ असा, की वादक स्वतःच वाद्यासारखा झाला तेव्हा. आपल्यातले 'मी'पण काढून टाकलेला माणूसच पोकळ, म्हणून वाहता. दरबाराच्या ऐश्वर्याच्या बरोबर मध्यभागी हा विचार होता. चौकीवरच्या माणसाने स्वतः कोणी नसणे अपेक्षित होते.

या सगळ्यानंतर एक शेवटची संहिता. वॉर्साजवळच्या पियासेच्नो येथील हसिदी गुरू कालोनिमुस शपिरा याचा एकुलता एक मुलगा सप्टेंबर १९३९मध्ये वॉर्सावरील बाँबवर्षावात जखमी होऊन मेला. त्यानंतर १९४२पर्यंत, वॉर्साच्या कोंडवाड्यात, शपिराने शब्बाथ आणि सण यांच्या दिवशी प्रवचने दिली आणि ती लिहून ठेवली. शेफाच्या परंपरेतला तो माणूस. आपल्या लोकांसाठी संतती, आयुष्य आणि अन्न खाली आणणे हे त्याचे वंशपरंपरेचे काम. आणि भोवती मुले, आयुष्ये आणि अन्न तिन्ही संपत होती. १९४२मधील एका प्रवचनात तो तालमूदातील एका कल्पनेकडे वळतो : ईश्वराची एक आतली गुप्त जागा आहे, तेथे तो रडतो. ती गुप्त का? शपिराचे उत्तर असे की ईश्वराचे दुःखही त्याच्यासारखेच अनंत आहे आणि जगाच्या पात्रात ते मावणार नाही. त्या रडण्याचा एक थेंब जरी खाली उतरला, तर जग नष्ट होईल; म्हणून ते आत कोंडलेले आहे. रचना लूरियाचीच आहे : अनंत प्रकाश आणि त्याला अपुरी पात्रे. फक्त नळात आता काय आहे ते बदलले. माणसाने करायचे ते काम एवढेच उरले, की अभ्यासातून आणि प्रार्थनेतून त्या आतल्या जागेपर्यंत जावे आणि रडणाऱ्याच्या सोबत बसावे. वरून काही खाली आणण्याची भाषा येथे थांबते.

नोव्हेंबर १९४३मध्ये त्राव्निकीच्या छावणीत शपिराची हत्या झाली. त्याने पुरून ठेवायला दिलेले हस्तलिखित युद्धानंतर वॉर्साच्या ढिगाऱ्याखाली सापडले, आणि १९६० साली जेरुसलेममध्ये 'एश कोदेश' या नावाने छापले गेले.